हेल्मेट-बेल्ट देऊनही लेबर वापरत नाही, साईटवर सेफ्टीचं वळण कसं लावायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन साईट आहेत, मिळून दीडशे लेबर आहे, हेल्मेट-बेल्ट वाटले, दंड लावला, तरी फरक नाही. 'लेबरला शिस्तच नाही'. हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. जवळपास हेच वाक्य २०११ साली मी स्वतःच्या हाताने एका अपघाताच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय.

पुण्यात वाकडला बारा मजली बिल्डिंग चालू होती, मी साईट इंजिनिअर. सातव्या मजल्यावर लिफ्टच्या डक्टवर, म्हणजे लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या तोंडावर, १२ मिमीचा प्लाय खिळे मारून ठोकला होता. दुसऱ्या दिवशी वरचा स्लॅब भरायचा होता आणि सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याला, प्लाय कमी पडला. रात्री सेंट्रिंगवाल्यांनी डक्टवरचाच प्लाय उचकटून वर लावला आणि त्या जागी ६ मिमीचा एक भिजून फुगलेला तुकडा सरकवून ठेवला. डक्ट उघडा असता तर निदान दिसला असता. सकाळी साडेसातला मराठवाड्यातून आलेला विशीतला एक बिगारी डोक्यावर घमेलं घेऊन त्यावरून गेला. दोन मजले खाली डक्टमध्ये वाशांचा माळा होता, त्यावर तो अडकला, म्हणून जीव वाचला. घमेलं मात्र फटीतून थेट तळाला गेलं. त्याचा आवाज वर यायला जो वेळ लागला, तो मला अजून ऐकू येतो.

खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा त्याला ओझं उचलता आलं नाही, आणि बिगाऱ्याकडे विकायला दुसरं असतं काय?

त्याच दुपारी काँक्रीटचा पंप आला, स्लॅब भरला. संध्याकाळी प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी मजकूर सांगितला, 'कामगार बेशिस्तपणे, खाली न पाहता चालत असल्यामुळे'. मी टाईप केला, खाली सही केली. प्लाय कमी पडतोय हे मी आठवडाभर स्टोअरला सांगत होतो, त्यातलं एक अक्षर रिपोर्टमध्ये नाही.

साहेब आजही लग्नाकार्यात भेटतात आणि म्हणतात, 'अरे, ती माणसं ऐकतच नाहीत.' मी दरवेळी विचारतो, साहेब, आपण बेल्ट दिले, पण हुक अडकवायचा कुठे होता? परांचीला लाईफलाईन, म्हणजे हुक अडकवायचा दोर, बांधलीच नव्हती. तुमच्या साईटवर आज संध्याकाळी जा आणि एवढंच बघा. हुकाला जागा नसेल, तर बेल्ट म्हणजे उन्हात अंगावर वागवायचं ओझं. कुणीही काढून ठेवेल. दंड आजच बंद करा. दंडाने लोक बेल्ट घालत नाहीत, बारीकसारीक अपघात लपवायला शिकतात.

मी पुढे ज्या कंपनीत गेलो तिथे डक्टवर प्लाय टाकणंच बंद केलं. स्लॅबच्या सळईबरोबर डक्टच्या तोंडावर ८ मिमी सळईची जाळी बांधून सोडायची; लिफ्टवाला काम सुरू करेल तेव्हाच ती कापायची. जाळी रात्रीतून कुणी उचकटून नेऊ शकत नाही. परांची, जाळ्या, कठडे यांचा दर वर्क ऑर्डरमध्ये वेगळा लावला. तो सेंट्रिंगच्या दरातच धरला की ठेकेदार तिथेच पैसे वाचवणार, त्यात त्याचाही दोष नाही.

आणि काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे ते मालकाने सगळ्यांसमोर सांगायला हवं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सेफ्टी ऑफिसरची सक्ती ५०० कामगारांपासून होती, २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत ती २५० वर आली. तुम्ही दोन्हींत बसत नाही, पण एक माणूस नेमाच, आणि तो प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताखाली ठेवू नका. ज्याच्यावर स्लॅबच्या तारखेचं ओझं आहे, तो स्लॅब थांबवणाऱ्याचं ऐकणार नाही. एकदा तरी पंप दारात उभा असताना तुमच्या त्या माणसाने काम अडवलं पाहिजे आणि तुम्ही त्याची बाजू घेतली पाहिजे. त्या दिवसाचं नुकसान सोसायची तयारी नसेल, तर ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घ्यायला लेबरला उन्हात उभं करू नका.

मी साईटवरचा माणूस आहे, कंपनी कधी चालवली नाही, त्यामुळे पैशाचं गणित तुम्हाला जास्त कळतं. सगळं करूनही हेल्मेट काढून ठेवणारे असतात, हेही खरं; आमच्याकडे मुकादमाने स्वतः कायम घातलं तेव्हा त्याच्या टोळीने घातलं.

तुमच्याकडच्या मागच्या अपघाताचा रिपोर्ट मात्र काढून बघा. कारणाच्या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिलं असेल, तर ज्याने सही केली त्याला एकट्याला बोलावून विचारा, आदल्या रात्री काय कमी पडलं होतं?