मामांची गिटार रंगवू का?

प्रश्न : मामा गेल्यावर त्यांच्या माळ्यावर फेंडर कंपनीची जुनी स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार सापडली. पंचवीसेक वर्षं कुणी हात लावलेला नाही. पॉलिशला बारीक तडे गेलेत, नॉब फिरवला की खरखर होते, मधला पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) मुका आहे, पिकअप निवडायचा स्विच तीनच जागी थांबतो. मागे मामांनी खिळ्याने आद्याक्षरं कोरली आहेत. रंगवून, नवे पार्ट टाकून विकली तर चांगली किंमत येईल ना?

उत्तर : रंगाचं नाव काढू नका. मूळ रंग एकदा खरवडला की जुन्या गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते, मग वर कितीही देखणा हात मारा. नायट्रोसेल्युलोज लॅकरला, म्हणजे जुन्या गिटारींवरच्या पॉलिशला, वयाने तडे जातातच. जाणकार गिऱ्हाईक ते बघून खूशच होतं. ओलसर मऊ फडक्याने धूळ पुसा, बस. थिनर लावलात तर लॅकर फडक्यावर उतरेल.

स्विच तीनच जागी थांबतो हा बिघाड नाही, तो तीन टप्प्यांचाच आहे. फेंडरने पाच टप्प्यांचा आणला 1977 मध्ये. म्हणजे तुमची गिटार बहुधा त्याआधीची.

‘बहुधा’वर कशाला थांबायचं? तारा काढा, पिकगार्डचे (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू सोडवा (एकही हरवू नका) आणि तो अलगद उलटा करा. पॉटवर, म्हणजे नॉब ज्याला फिरवतो त्या आतल्या भागावर, आकडे ठोकलेले दिसतील. समजा 1376633 असेल, तर 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966 साल, 33 हा त्यातला आठवडा. पॉट मूळचे असतील तर गिटार त्याआधीची असूच शकत नाही. नंतरची असेल, कारण पॉट कारखान्यात पडूनही राहायचे. नेकमागच्या (गिटारीच्या दांड्यामागच्या) प्लेटवरच्या नंबरावर एकट्यावर भिस्त नको. चार स्क्रू काढले की ती कुणालाही बदलता येते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा एकाच्या गिटारीची खरखर घालवायला मी तिन्ही पॉट बदलले आणि जुने कचऱ्यात टाकले. पुढे तो मालक गिटार विकायला निघाला. घेणाऱ्याने पिकगार्ड उलटला, माझं चकचकीत सोल्डर पाहिलं आणि विचारलं, “जुने कुठेत?” मी तिथेच उभा होतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे आणि नॉबचे वीस-पंचवीस फेरे, एवढ्यानेही ती खरखर गेली असती.

मुक्या पिकअपचं बघू. स्विच नेककडच्या पिकअपवर ठेवा आणि मल्टिमीटरची टोकं मधल्याच्या दोन वायरींना लावा. पाच-सहा किलोओहम आले तर पिकअप जिवंत आहे. दोष स्विचच्या पात्यात किंवा सोल्डरमध्ये. काहीच दाखवलं नाही तर आतली केसासारखी तार तुटली आहे. तरी फेकू नका. त्याच चुंबकांवर नवी तार गुंडाळून मिळते, फक्त विकताना तसं सांगा.

फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटं दाबायची लाकडी पट्टी) ब्राझिलियन रोझवुडचा निघाला तर देशाबाहेर पाठवायला साइट्सचा (CITES, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागेल. ते लाकूड 1992 पासून त्या कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. गिऱ्हाईक परदेशी असेल तर हे आधीच बघून ठेवा, पैसे घेतल्यावर नव्हे.

आद्याक्षरं घासू नका. घासाल तिथे लॅकरच जाईल आणि डाग अक्षरांपेक्षा मोठा दिसेल. त्यांचा जवळून फोटो काढा, आतल्या सोल्डरचाही काढा, आणि दोन्ही जाहिरातीत टाका.