मानपानाच्या साडीवरची चिठ्ठी

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची तक्रार बदलते. एरवी मुलांचा मोबाइल, दहावी-बारावी, सासू-सून. लग्नसराईच्या तोंडावर मात्र पन्नाशीतले बाप येऊ लागतात. झोप नाही, छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल, डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावलेलं. थोडं बोलतं केलं की तेच वाक्य बाहेर येतं: "लग्न साधं केलं तर लोक काय म्हणतील?" त्या सगळ्यांसाठी एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दादा सांगलीकडचे, द्राक्षबागायतदार. लेकच त्यांना घेऊन आली. तिच्या सासरकडच्यांनी सरळ सांगितलं होतं, मुलगी आणि नारळ द्या. तरी दादांच्या डोक्यात मोठं कार्यालय, हजार पान, हळदीला डीजे, दोन्हीकडच्यांचा मानपान. पतसंस्थेचं आधीचं कर्ज फिटलेलं नाही आणि आता रान तारण ठेवायचं चाललेलं.

"व्याह्यांनी काही मागितलंय का?"

"न्हाई ओ मॅडम. देवमाणूस हाय."

"मग नावं कोण ठेवणार?"

"भावकी. लोकं."

"लोकांची नावं सांगा. मी लिहून घेते."

ते हसले, त्यांना थट्टा वाटली. मी पेन उचलून बसले. माझा हा नेहमीचा शिरस्ता आहे. 'लोक' म्हटलं की माणसाला अख्खा जिल्हा दिसतो, नावं मागितली की यादी पाच-सहांवर थांबते. दादांचीही थांबली. थोरला भाऊ, दोन मेहुणे, एक साडू आणि गावातले एक पुढारी.

"यांच्यापैकी कुणाशी बोललात?"

"ह्ये काय बोलायचं असतं व्हय?"

पुढच्या वेळी दादांच्या बायकोला, वहिनींना बोलावलं. त्या दादांपेक्षा ठाम होत्या. घरातलं पहिलं कार्य, मानपानात कसर नको. मी विचारलं, "वहिनी, आजवर मानपानात आलेल्या साड्यांपैकी नेसता किती?"

"त्या कोण नेसतंय!" त्या पटकन बोलून गेल्या. "ट्रंक भरलीय नुसती. प्रत्येकीत चिठ्ठी घालून ठेवलीय, कुणाकडनं आली त्याची. न्हाईतर चुकून तिची तिलाच जायची."

"आणि तुम्ही दिलेल्या साड्यांचं पुढं काय होत असेल?"

वहिनी बोलायच्या थांबल्या. पदर तोंडाला लावला आणि आधी हळू, मग अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हंजे माझ्या नावाची चिठ्ठीबी कुणाच्या तरी ट्रंकेत असंलच की!" दादा त्यांच्याकडे बघत राहिले. त्या चिठ्ठ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कळत होत्या.

माझ्या समुपदेशनात असे क्षण फार येत नाहीत आणि आले की मी गप्प बसते. इथे मी बोलले असते तर ते माझं व्याख्यान झालं असतं. हसून त्यांनी ते स्वतः शोधलं होतं.

माझा कल पहिल्यापासून सामाजिक मानसशास्त्राकडे. माणसाच्या मनातली भीती पुष्कळदा त्याची एकट्याची नसते, ती चार जणांच्या न बोलण्यातून तयार होते, असं माझं मत आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनातून अस्वस्थ असलेल्या विद्यार्थ्यांना वाटत होतं की बाकीच्यांना या पिण्याचं काहीच वाटत नाही. बाकीच्यांनाही यांच्याबद्दल तेच वाटत होतं. आपल्याकडे दारूच्या जागी बस्ता ठेवा. प्रत्येक घर मनातून कंटाळलेलं आणि प्रत्येकाची खात्री, की बाकीच्यांना हौस आहे.

म्हणून मी दादांना एकच काम दिलं. थोरल्या भावाला गाठायचं, पण 'लोकांना काय वाटेल' असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारायचं, "तुझ्या पोरीच्या लग्नात तुला स्वतःला काय नको वाटलं होतं?"

पुढच्या खेपेला दादा आले ते थेट बोलतच. थोरल्यानेही दोन वर्षांपूर्वी असंच कर्ज काढून बार उडवला होता. तो म्हणाला होता, "आरं, तू नाव ठेवशील म्हणून केलं की मी तेवढं!"

धाकटा थोरल्याला भीत होता आणि थोरला धाकट्याला. ज्या 'लोकां'साठी रान तारण पडणार होतं, त्यांतला पहिला माणूस दादाच निघाले. भावाला विचारायचा तो प्रश्न मी कुठे वाचलेला नाही, माझा मलाच सुचला होता. तेव्हापासून तो मी बऱ्याच घरांत वापरला आहे.

इथून पुढचं काम सोपं होतं, कारण आता दादा एकटे नव्हते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे आणि सुमारे तीन-चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्या मागे जायची. पण खरं बोलणारा एक जोडीदार मिळाला, की अशा चुका एक-चतुर्थांशावर यायच्या. फक्त एक. सगळी भावकी पटवत बसायची गरज नसते. मान असलेला एक माणूस आधी आपल्या बाजूला घ्या आणि बैठकीत त्याच्याच तोंडून वदवा. सुपारी फोडताना थोरलाच म्हणाला, "आमच्यात मानपान बंद. पत्रिकेतबी छापतोय." व्याह्यांनी सुटकेचा श्वास टाकला म्हणे. डीजे गेला, पानं निम्म्यावर आली आणि रान वाचलं. प्री-वेडिंग शूट मात्र झालंच. लेकीला हवं होतं, आणि ती हौस खरी तिची होती. तिथे मी आडवी गेले नाही.

एक मेहुणे रुसले. हळदीला आले नाहीत, अक्षतांना आले. हे मी दादांना आधीच सांगून ठेवलं होतं: कुणीच रुसणार नाही असं धरून चालू नका, पाचांतला एक रुसणार. एकाच्या रुसव्याला तोंड देता येतं, 'लोकां'च्या नाही.

दोन ठिकाणी मात्र हे लागू नाही. सासरचे खरोखरच मागत असतील तर तो हुंडा. त्याविरुद्ध १९६१ पासून कायदा आहे आणि तिथे भीती घालवण्याआधी ते स्थळ तपासा. जातपंचायतीचा बहिष्कार हाही मनाचा खेळ नाही. त्यासाठी महाराष्ट्राने २०१६ चा वेगळा कायदा केला आहे. अशा घरांना मी धीर देत बसत नाही, वकिलाकडे पाठवते.

बाकीच्यांनी नावांची यादी करावी, तिच्यातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला गाठावं आणि एकट्यात विचारावं, चारचौघांत नाही. चारचौघांत प्रत्येकजण हौशीच असतो. शिवाय हे बोलणं कार्यालयाला ॲडव्हान्स देण्याआधी आणि बस्त्याला जाण्याआधी व्हायला हवं. दुकानात एकदा गादीवर बसलं आणि मानपानाचा हिशेब सुरू झाला, की कुणी कुणाचं ऐकत नाही.