भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला, तो आम्हाला सोलापूरहून ग्रीन कार्डवर नेऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की मोठा भाऊ अमेरिकेचा नागरिक झालाय, त्याला आई-वडिलांना आणि तुम्हाला (बायको, 13 आणि 9 वर्षांची मुलं) कायमचं तिकडे न्यायचंय, आणि सोलापुरातला एक एजंट म्हणतोय की तीन-चार वर्षांत सगळ्यांचं काम होईल.

आई-वडिलांचं होईल. तुमचं तेवढ्यात होणार नाही. एजंटला अजून काही दिलं नसेल तर देऊ नका. आम्ही आमच्या एजंटला पैसे दिले होते, त्याने आम्हाला एक प्लास्टिकची फाइल दिली.

भावंडांसाठीचा वर्ग म्हणजे एफ4. साऱ्या जगाला मिळून वर्षाला 65,000 व्हिसा, त्यात प्रत्येक देशाला 7 टक्क्यांची मर्यादा. 2025 मध्ये भारतातल्या 2006 सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. म्हणजे 19 वर्षं, आणि रांग पुढे कमी होईल असं मला तरी वाटत नाही. बायको आणि 21 वर्षांखालची, लग्न न झालेली मुलं तुमच्याच अर्जात येतात, पण तुमचा नंबर लागेल तेव्हा थोरलं बत्तिशीत असेल. अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ मुलांच्या वयातून वजा होतो, पण थोरल्याच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नका. माझ्या बहिणीने माझा अर्ज 2015 मध्ये भरला तेव्हा लेक पहिलीत होती. आता तिच्या कॉलेजचं चाललंय, आणि त्या अर्जाचा विषय आमच्या घरात निघतही नाही.

आई-वडिलांना मात्र रांग नाही. मुलगा नागरिक हवा आणि 21 वर्षांचा हवा, एवढंच. दोघांचे आय-130 अर्ज (नातेवाइकासाठी नागरिकाने भरायचा फॉर्म) वेगवेगळे भरायचे. एप्रिल 2024 पासून एका अर्जाची फी ऑनलाइन 625 डॉलर, कागदावर 675. त्यांच्या अर्जात तुम्हाला जोडता येत नाही. "आधी आई-वडिलांना पाठवू, मग ते तुम्हाला बोलावतील" असंही एजंट सांगतात. ग्रीन कार्डवाले आई-वडील फक्त लग्न न झालेल्या मुलांसाठी अर्ज करू शकतात. तुमचं लग्न झालंय, विषय संपला.

खरा वेळ खातात ते इथले कागद. आमच्या आई-वडिलांचे अर्ज बहिणीनेच भरले. ती थोरली, म्हणून आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आजोबांनी जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं नाव सांगितलं, शकुंतला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं सासरचं नाव सुमन, पासपोर्टवर तेच. म्हणजे कागदोपत्री बहिणीची आई वेगळीच बाई! वडिलांच्या अर्जाला तर लग्नाचा दाखलाच लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. शेवटी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या चादरीच्या घडीत लग्नपत्रिका सापडली. हळदीचे डाग पडलेले, पण 'चि. सौ. कां. शकुंतला' स्पष्ट. त्या पत्रिकेवर महानगरपालिकेत लग्नाची नोंद केली, तीन साक्षीदार नेले, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं.

वडिलांचा जन्म अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यात. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी 1 जूनला लावून दिलाय. तहसीलमध्ये कोतवाल बुकाचा (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा) उतारा मागितला तर नोंदच सापडली नाही. 1 एप्रिल 1970 च्या आधी जन्मलेल्यांचा जन्मदाखला नसला तर नोंद नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात. तुमच्या घरात आत्याबाई, मोठे काका असतील तर त्यांच्या सह्या आत्ताच घेऊन ठेवा. आमच्या काकांची सही झाली आणि दोन महिन्यांत ते गेले.

पुढे मेडिकल आणि मुलाखत मुंबईत. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो, सकाळी मुंबईत. मुलाखत पाच मिनिटांत झाली. वडिलांनी इस्त्रीची टोपी घातली होती, त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

आता जे मला आधी कुणी सांगितलं नाही ते. ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहायचं. परवानगी न घेता वर्षभराहून जास्त बाहेर राहिलं तर त्या कार्डावर परत आत जाता येत नाही. पासष्टी ओलांडलेल्यांना मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्य विमा) विकत घ्यायला आधी पाच वर्षं तिथे सलग राहावं लागतं, तोवर खासगी विमा, तोही भावाच्या खिशातून. शिवाय त्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के तरी आहे हे दाखवून त्याला आई-वडिलांच्या पोटापाण्याची हमी लिहून द्यावी लागते. आमचे वडील दोन हिवाळे बहिणीकडे राहिले. खिडकीतून बर्फ बघत, मोटार चालवता येत नाही म्हणून नव्या नवरीसारखे घरात बसून. तिसऱ्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेला म्हणून सोलापूरला आले, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, चौदा महिने झाले. मग वडिलांनीच कार्ड सोडण्याचा आय-407 फॉर्म भरून ते परत केलं.

म्हणून तुमच्या जागी असतो तर आई-वडिलांना आधी व्हिजिटर व्हिसावर एक अख्खा हिवाळा भावाकडे ठेवून बघितलं असतं. क्रम मात्र हाच ठेवा, कारण व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज भरलाय का, असा प्रश्न असतो आणि तिथे खरंच लिहावं लागतं. तुमचा एफ4 भावाला या वर्षीच भरू द्या, पण तुम्हाला स्वतःला अमेरिका बघून यायची असेल तर त्याआधी व्हिसा काढून घ्या.