तेल कंपनी पवनचक्क्या घेते तेव्हा

प्रश्न : ओएनजीसीसारखी सरकारी कंपनी सौर-पवनऊर्जेत उतरली, म्हणजे आता तेल-वायू सोडणार का? की नुसता देखावा आहे?

सोडणार नाही. पण देखावाही म्हणवत नाही.

मी साक्री तालुक्यातला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा एकेक पातं लांबलचक ट्रेलरवर यायचं. वळण आलं की दोन माणसं पुढे चालत बांबूने विजेच्या तारा वर धरायची. ट्रेलरला डिझेल, क्रेनला डिझेल, पुढे पळणाऱ्या जीपलाही डिझेलच. तुमचा प्रश्न वाचला आणि आधी तेच डोळ्यांपुढे आलं.

2025 चे पहिले दोन महिने बघा. जानेवारीत ओएनजीसीने मुंबई हाय या अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं. 1974 साली सापडलेलं हे क्षेत्र आता थकलंय. दहा वर्षांत तिथलं उत्पादन 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा बीपीचा अंदाज. आणि फेब्रुवारीत त्याच ओएनजीसीने एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या हरित कंपनीबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत अयाना ही अक्षय ऊर्जेची कंपनी घ्यायचा करार केला, साधारण 19,500 कोटींचा. एका हाताने विहीर खोल करायची, दुसऱ्याने नवी खणायची. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे मोठा मालक असलेलं सरकार तिला तेल सोडू देईल हे संभवत नाही.

शिवाय वाऱ्याची एक खोड आहे. आषाढात पाती गरगरतात, तेव्हा आमच्या पाण्याच्या मोटारी बंद. मार्गशीर्षात कांद्याला पाणी भरायचं, तर वारा पडलेला. दिवसा ऊन कामाला येतं. रात्रीसाठी कुठेतरी कोळसा किंवा वायू जाळावाच लागतो.

ओएनजीसीची ‘2038 पर्यंत नेट झिरो’, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायची, ही घोषणा मात्र नीट वाचा. ती कंपनीच्या स्वतःच्या कामकाजापुरती आहे. विकलेलं तेल माझ्या ट्रॅक्टरमध्ये जळतं, तो धूर त्या हिशेबात येत नाही. खरा मोठा धूर तर तोच!

सरकारी कंपन्या माघारही घेतात. नॉर्वेच्या इक्विनॉर या तेल कंपनीत तिथल्या सरकारचा वाटा 67 टक्के. तिचं आधीचं नाव ‘स्टॅटऑइल’; त्यातलं ऑइल 2018 मध्ये नावातून गेलं, धंद्यातून नाही, 2025 मध्ये त्यांनी 2030 चं अक्षय ऊर्जेचं लक्ष्य 12-16 गिगावॅटवरून (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) 10-12 वर आणलं. ओएनजीसीचं 2030 चं लक्ष्य 10 गिगावॅट आहे. अयानाचे चालू आणि बांधकाम सुरू असलेले प्रकल्प मिळून 4.1 गिगावॅट, त्यातही ओएनजीसीचा वाटा निम्माच. उरलेलं कुठे उभं राहतं, ते मी बघतोय. आमच्या पठारावर वारा अजून आहे.