एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या आजाराचे) झटके परत परत येतात आणि पुढचा कधी येईल या धास्तीने झोप लागत नाही. काय करावे?

ठोके आणि भीती या दोन्हींवर एकाच वेळी उपचार घ्या. एक आटोक्यात आले की दुसरे आपोआप जाईल, अशी वाट बघू नका. घाबरल्यावर सुटणारे अ‍ॅड्रेनॅलिन हृदयाच्या वरच्या कप्प्यांना आणखी चिथावते, ठोके बिघडले की भीती वाढते, आणि चक्र चालू राहते. झटका भयंकर वाटला तरी सहसा तो तिथल्या तिथे जीव घेत नाही. खरा धोका कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते का, हे आधी विचारा; चालू असेल तर बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. गोळ्या घेऊनही झटके येत असतील तर अ‍ॅब्लेशनचा (हृदयात बारीक नळी नेऊन करायच्या उपचाराचा) विषय स्वतःहून काढा. बरेचसे झटके फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतात, हे १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवले. अ‍ॅब्लेशनमध्ये तीच जागा विजेच्या दृष्टीने वेगळी पाडतात, म्हणजे तिथले चुकीचे विद्युत संदेश हृदयात पसरत नाहीत. काहींना ते पुन्हा करावे लागते. भीतीसाठी सीबीटी हे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन उपयोगी पडते. शिवाय झटका आला तर काय करायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर घ्या:

- बसून श्वास सावकाश सोडणे
- सुरू झाल्याची वेळ लिहिणे
- ठरवून दिली असेल तर ती गोळी

दर पाच मिनिटांनी घड्याळात नाडी बघणे मात्र सोडाच, त्याने धास्तीच वाढते. फक्त छातीत दुखले, शुद्ध हरपली, खूप धाप लागली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर हा कागद बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत जा.