तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: संत्र्याचा केक आणि चार वाजताचा अंधार

प्रश्न: ताई, बाजारात नागपुरी संत्री आलीत म्हणून हौसेने केक केला. रस मिक्सरवर काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, सकाळी आटवून घातला. दिसायला झकास, पण कडू! साल तर मी घातलीच नव्हती. (एक वाचक, पुणे)

उत्तर: अगं, साल घातली नाहीस हीच तर गंमत आहे, कारण सुगंध सगळा त्या सालीच्या नारिंगी थरातल्या तेलात असतो, रसात नुसता आंबटगोडपणा. आणि कडू केलं ते रसानेच. संत्र्यात असा एक घटक असतो की फळ खाताना जाणवत नाही, पण रस काढला की आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते चांगलंच कडू. रस ठेवला की वाढतं, उकळला की अजून भराभर वाढतं, आणि मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या असतील तर मग बघायलाच नको. म्हणून बिया काढायच्या, रस हाताने पिळायचा, गाळायचा आणि लगेच वापरायचा, आटवायचा नाही.

साल मात्र फळ सोलायच्या आधी किसायची. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसणीवर घसरते, तेव्हा फळ तासभर फ्रीजमध्ये ठेवून बारीक बाजूने हलक्या हाताने फिरव, पांढरं दिसलं की थांब. तो कीस साखरेत बोटांनी चोळायचा, साखर ओलसर होते आणि घरभर वास सुटतो (ही पायरी मी कुणाला करू देत नाही, माझी आवडती आहे).

बिनअंड्याचं माप देते: दीड कप मैदा, एक कप साखर, अर्धा कप तेल, अर्धा कप दही, अर्धा कप ताजा रस, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. सोडा रसाला भेटला की फसफसायला लागतो, त्यामुळे मिश्रण झालं की गप्पा मारत बसू नकोस, लगेच १८० डिग्रीवर ४० मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकर, शिट्टी आणि रिंग काढून, पाणी न घालता, मंद आचेवर थोडा जास्त वेळ.

प्रश्न: मी लंडनजवळ राहते. नोव्हेंबर संपत आला, चारलाच अंधार पडतो, दिवाळीचे दिवे उतरवल्यापासून घर सुनं वाटतं. कामाच्या दिवशीच काहीतरी छोटंसं करायचंय, शनिवारची वाट बघायचा कंटाळा आलाय. (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर: मग शनिवारची वाट बघूच नको. तिकडचा लेमन ड्रिझल केक कर, वॅक्स न लावलेली लिंबं तिथे सहज मिळतात तीच घे. आदल्या रात्री दोन लिंबांची साल १७५ ग्रॅम साखरेत चोळून झाकून ठेव. संध्याकाळी घरी आलीस की त्यात तेवढंच मऊ लोणी फेट, मग तीन अंडी, १७५ ग्रॅम सेल्फ रेझिंग मैदा, लोफ टिनमध्ये घालून १८० ला ४५ मिनिटं. केक गरम असतानाच टोचून त्यावर लिंबाचा रस आणि साखर ओतायची, वर छान कुरकुरीत थर येतो. आणि ती ४५ मिनिटं भांडी घासण्यात घालवू नकोस गं, चहा घे, आईला फोन मात्र दुपारीच करून टाक, तुझ्या संध्याकाळी इकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. जमलं तर जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं बाहेर चालून ये, उजेड असतो तो तेवढाच.

प्रश्न: संत्र्याऐवजी किन्नू चालेल का?

उत्तर: चालेल की! साल घट्ट असते म्हणून किसायला उलट सोपं. बिया मात्र ढीगभर, आणि रस ठेवला तर हाही कडू होतोच.