आधी माथा, मग नाला
भावा, गावात पाणी अडवायचा तुझा उत्साह चांगलाय पण डायरेक्ट ओढ्यात जेसीबी नको घालू, काम वरून खाली यायला पाहिजे, आधी डोंगरउतारावर सलग समतल चर (एकाच उंचीच्या रेषेत खणलेले), मग दगडी बांध, शेवटी नाल्यावर बंधारा, नाहीतर वरची माती वाहून येते नि बंधारा गाळानेच भरतो. चराची लेव्हल ए-फ्रेमने (ओळंबा लावलेली A आकाराची चौकट) नाहीतर हायड्रोमार्करने (पाणी भरलेल्या नळीचं लेव्हल मोजायचं साधन) घे, अंदाजाने खणलेला चर सखल टोकाला फुटतो. श्रमदानाला माणसं येतात रे (फोटोपुरती तर नक्कीच), खरी भांडणं पाणी दिसल्यावर! वरच्याने नवीन बोअर मारला की खालच्याची विहीर आटली. म्हणून नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावासारखं दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचं बजेट (पाणी किती नि कशाला वापरायचं याचा हिशोब) मांडा, तिथे शेतीला बोअर चालत नाही, पाऊस मोजून पिकं ठरवतात. आणि डोंगरावर चराईबंदीचा ठराव करायच्या आधी मेंढपाळांशी बोल.